मुंबईला जाऊन वेबसाइट बघून आलो

मुंबईहून परत आल्यापासून कणकवलीत जो भेटतो तो विचारतो, "काय बघितलंस रे मुंबईत?" चौपाटी बघितलीस? नाही. राणीचा बाग? नाही. कोण हिरो-हिरोईन? नाही. मग चार दिवस काय केलंस?

वेबसाइट बघितली.

लोक माझ्याकडे असं बघतात, जसं माझ्या डोक्यावर नारळ पडलाय. वेबसाइट बघायला मुंबईला जावं लागतं? ती तर इथे बसून दिसते! बरोबर आहे. दिसते. पण ती जिथे घेऊन जाते ना, तिथे पायानेच जावं लागतं, आणि गेल्यावर कळतं की ती तिथे नाही. म्हणून हे प्रवासवर्णन. जे गेले नाहीत त्यांच्यासाठी. जाऊ पण नका, असं नाही म्हणत मी. पण पाणी बरोबर ठेवा.

आधी मी कोण ते सांगतो. कणकवलीत माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान आहे. दाखले, परीक्षा, सातबारा, सगळं. आणि जोडधंदा आवाजाचा. पाणी येणार नसेल, लसीकरण असेल, तर रिक्षावर भोंगा लावून गावभर फिरतो तो आवाज माझा. "सर्व नागरिकांना कळविण्यात येतं की, उद्या सकाळी पाणी येणार नाही, आजच भरून ठेवा, मागाहून बोंबलू नका." शेवटचं वाक्य माझं स्वतःचं. शाळेत मी हेडमास्तरांचा आवाज काढून अर्धी सुट्टी जाहीर केली होती, तेव्हापासून लोक मला फोनवर दोनदा विचारतात, "नित्याच बोलतोय ना?"

तर एक दिवस लालबागहून आतेचा फोन आला. माझी आते म्हणजे वडिलांची मोठी बहीण, मालिनी. लग्न करून मुंबईला गेली ती तिथलीच झाली, फक्त जीभ इकडेच राहिली. लालबागच्या एका छोट्या मंडईत तिचा ओटा आहे. ओटा म्हणजे सिमेंटचा कट्टा, त्यावर बसून ती सुकी मासळी विकते. बोंबील, जवळा, सुकट, गोलमा.

"नित्या, मंडई पाडतत आणि नवी बिल्डिंग बांधतत," आते म्हणाली. "आमका तिसऱ्या माळ्यावर टाकतत. सुक्या बोंबलासाठी तिसरो माळो कोण चढतलो रे? सगळा म्हणे वेबसाइटवर आसा. तू ये."

मी गेलो. बसमध्ये झोपलो, सकाळी परळला उठवलं. प्रवास संपला. खरं सांगायचं तर तिथून सुरू झाला.

लालबाग, सोमवार

आतेच्या घरी पोचलो तर तिने आधी बांगड्याचं तिखलं वाढलं, मग विचारलं, "कसो इलंस?" हीच पद्धत आमच्याकडेही आहे. फरक एवढाच की आमच्याकडे जेवताना शेजारी येऊन बघतात, इथे शेजारी येऊन जेवतात. चाळीच्या गॅलरीतून गौतमकाका आले. त्यांचा हात आतेच्या नवऱ्याने, म्हणजे माझ्या मामांनी धरलेला.

गौतमकाका म्हणजे मंडईत आतेच्या शेजारच्या ओट्यावर नारळ विकणारे. शुगरने त्यांची नजर गेली, काही वर्षं झाली. फोन मात्र माझ्यापेक्षा जोरात चालवतात, कारण त्यांचा फोन बोलतो. बोट फिरवलं की जे खाली असेल ते वाचून दाखवतो.

"जय भीम, काका," मी म्हटलं.

"जय भीम. तू तो भोंगावाला ना? आवाजावरून ओळखला. बस. आधी गंमत ऐक." त्यांनी फोन काढून त्या ऑफिसची वेबसाइट उघडली. कुठलं ऑफिस ते मी सांगणार नाही, आतेला अजून तिथेच बसायचंय.

फोन बोलायला लागला. "इमेज. इमेज. इमेज. लिंक. लिंक. इथे क्लिक करा. इथे क्लिक करा. इथे क्लिक करा. बटन. नाव नसलेलं बटन."

"बघ," काका म्हणाले. "एवढं मोठं ऑफिस, बटनाचं बारसं नाही केलं अजून."

मी म्हटलं, हात्तिच्या, मी रोज दहा वेबसाइट खातो. द्या इकडे. माझा लॅपटॉप उघडला.

आता ती वेबसाइट कशी होती ते सांगतो. वर मोठे मोठे फोटो सरकत होते. हसणारी माणसं, हिरवी झाडं, एक पूल. मी काहीतरी वाचायला जावं तर फोटो सरकायचा. त्याच्याखाली एक ओळ धावत होती, लाल रंगात. त्यातच कुठेतरी 'मंडई' हा शब्द पळत गेला. मी माऊस घेऊन त्याच्या मागे. जत्रेत सुटलेल्या कोंबड्याच्या मागे धावतात ना, तसा. शेवटी पकडला, दाबला, तर होमपेज आलं. म्हणजे जिथे होतो तिथेच.

मग मेनू. 'आमच्याविषयी', 'सेवा', 'सूचना', 'इतर'. सूचनांमध्ये मागच्या सरकारच्या काळातल्या सूचना. 'इतर' दाबलं, आत आणखी एक 'इतर'. त्याच्या आत 'मंडई'. त्याच्या आत एक फाइल, नाव 'स्कॅन न्यू फायनल टू'.

"ह्या आपल्याच मंडईचा कशावरून?" आतेने विचारलं.

"उघडल्यावर कळेल."

उघडलं. नोटीस होती. पण आडवी. कोणीतरी कागद आडवा ठेवून फोटो काढलेला. फिरवायचं बटन त्या पानावर नव्हतं. मी मान वाकडी केली. मामांनी मान वाकडी केली. आतेने सरळ पलंगावर आडवं होऊन वाचायला सुरुवात केली.

"'उक्त मंडईतील... ओटेधारकांचे... निष्कासन...' निष्कासन म्हणजे काय रे?"

"काढून टाकणं."

"मग काढून टाकणं लिव ना मेल्या! '...हरकती असल्यास विहित नमुन्यात, विहित मुदतीत, विहित कार्यालयात...' विहिरीत? विहिरीत कार्यालय?"

"विहित, आते. म्हणजे ठरवलेलं."

"लालबागेत विहीर खंयसून येतली, तरीच म्हटलंय."

काका गालातल्या गालात हसत होते. त्यांनी ती फाइल आपल्या फोनवर उघडली होती. फोनने एकच शब्द म्हटला, "इमेज." आणि गप्प झाला. अख्खी नोटीस त्याच्यासाठी एक फोटो होती. ज्याच्या धंद्याचं निष्कासन होणार, त्याला 'इमेज' एवढंच कळवलेलं.

आणि मग खाली मला तो तक्ता दिसला. मंडईचं नाव. त्याच्यापुढे, 'प्राप्त हरकती: निरंक.' त्याच्यापुढे, 'सुनावणी: आवश्यक नाही.'

"निरंक काय? कसलो अंक?" आतेने विचारलं.

"काही नाही, असं म्हणतायत. कोणीच हरकत घेतली नाही."

आते ताडकन उठून बसली. "असा कसा? आम्ही सगळ्यांनी फोन केलो! माझ्याच फोनवरसून! मी बोललंय, मग गौतम बोललो, मग ती भाजीवाली, मग तो अंडीवालो, सगळे! त्या बाईन सांगल्यान, गुरुवारी सुनावणी आसा, या. आणि आता आवश्यक नाही?"

काकांचा चेहरा उतरला. "सुनावणीचीच तर आशा होती रे. दिसत नाही त्याला सुनावणी बरी. ही तुमची दिसावणी काय कामाची?"

त्या ऑफिसच्या नंबरला मी फोन लावला. गाणं वाजलं. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." मी तोच आवाज काढून त्या आवाजाला उत्तर दिलं, "आमच्यासाठी पण." सगळे हसले, पण वरवर. मंडईत ज्याचा ओटा गेला त्याचा धंदा गेला, हे सगळ्यांना माहीत होतं.

ऑनलाइन हरकत नोंदवायचा फॉर्म होता. काकांच्याच फोनवर भरला. शेवटी आलं, 'तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा', आणि वाकडीतिकडी अक्षरं. काकांच्या फोनने ते यंत्राच्या आवाजात वाचलं. काका म्हणाले, "ऐकलं? यंत्र मला विचारतंय, तू यंत्र नाहीस ना." मी अक्षरं टाकली. पान पांढरं झालं. 'आपले सत्र समाप्त झाले आहे.'

"त्या परळच्या हापिसात जाऊन इचार की," आते म्हणाली. "हाकेच्या अंतरावर आसा."

मी हसलो. "आते, वेबसाइटवर पत्ता दिलाय ना विहित कार्यालयाचा. ठाकूरद्वार. बघ, नकाशापण आहे. उगाच भलत्या ऑफिसात कशाला?"

आतेने माझ्याकडे बघितलं, आणि आणखी एक बांगडा वाढला. मला तो मान वाटला. आता कळतं, ती कीव होती.

ठाकूरद्वार, मंगळवार सकाळ

गिरगावात गेलं की मला वाटतं आपण शाळेच्या पुस्तकात शिरलो. गल्लीत देऊळ, देवळाच्या मागे वाडी, वाडीत आणखी एक देऊळ, आणि प्रत्येक दारावर पाटी. आमच्याकडे पाटीवर फक्त नाव असतं. इथे पाटीवर सूचना असतात. 'बेल एकदाच वाजवावी.' 'चपला इथे काढू नयेत.' 'दुपारी विश्रांती.' मला वाटलं, हीच माणसं वेबसाइट का नाही करत? सगळं एका ओळीत कळलं असतं.

पत्त्याप्रमाणे जिना चढलो, तर समोर एक उपाहारगृह. वर पाटी.

'येथे ते कार्यालय नाही. पियूष मिळेल.'

काउंटरवर एक गोरेगोमटे आजोबा बसलेले, सदरा कडक इस्त्रीचा. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "मंडई? की परवाना? की पाणी?"

"मंडई," मी म्हटलं.

"दादर. हिंदमाताच्या बाजूला. तिथेही नसेल, पण तुम्हाला जाऊन यावंच लागेल, त्याशिवाय तुमचं समाधान होणार नाही. बसा. आधी साबुदाणावडा घ्या."

"काका, तुम्हाला कसं कळलं मी कशाला आलो?"

"अहो, फोनकडे बघत जिना चढतो तो त्यांचा. भिंतीकडे बघत चढतो तो माझा गिऱ्हाईक." त्यांनी वडा पुढे सरकवला. दाण्याची चटणी अशी की मी दोन मिनिटं निष्कासन विसरलो. "इथे त्यांचं कार्यालय होतं, मान्य आहे. ते गेलं. वेबसाइटवरचा पत्ता राहिला. मी पत्र पाठवलं, उत्तर आलं, 'आपली सूचना संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आली आहे.' तो संबंधित विभाग कुठे, म्हणून पत्ता बघितला. हाच!"

"म्हणजे तुमचं पत्र..."

"माझ्याकडेच वर्ग झालं. पोस्टमन आणून देऊन गेला. मी त्यावर शेरा मारला, 'पाहिले', आणि ठेवून दिलं."

मी त्यांच्याच आवाजात म्हटलं, "अहो, म्हणजे तुम्हीच आता संबंधित विभाग!" मला वाटलं झालं, आता हाकलणार. पण ते इतके हसले की पलीकडच्या टेबलावरची बाई वाटी हातात घेऊन बघायला लागली.

"लबाड आहात," ते म्हणाले. "पण एक सांगतो. रोज कोणी ना कोणी येतं. म्हातारी माणसं येतात, लांबून. एकाला तर मी टॅक्सी करून दिली. मी वेबसाइट नाही हो. मी पियूष विकतो."

पियूष मात्र फार चांगलं होतं. वेबसाइटमुळे एवढं एक भलं झालं.

हिंदमाता, मंगळवार दुपार

वेबसाइटवरच्या नकाशाने दुसरा ठिपका दाखवला तो हिंदमाताला. इथे दुकानंच दुकानं, कापडाची, साड्यांची. रस्त्यावर माणसं कमी, पिशव्या जास्त. ठिपक्याच्या मागे मी एका साडीच्या दुकानात शिरलो. चपला काढून आत गादीवर बसवलं. मी काही बोलायच्या आत समोर साड्या. पैठणी, इरकल, मग एक जांभळी.

"मला साडी नको," मी म्हटलं.

"ताई के लिए? मम्मी के लिए?"

"नको हो. मला हरकत घ्यायची आहे."

सेल्समनचा हात थांबला. "हरकत?"

"हो. हरकत. इथेच ना?"

त्याने साडी खाली ठेवली आणि आत ओरडला, "सेठ! ये लडका बोल रहा है दुकान में किसी ने हरकत की है!"

झालं. आता तुम्हाला माहीत असेल, मराठीत हरकत म्हणजे आडकाठी. हिंदीत हरकत म्हणजे चाळे. हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या शाळेत हिंदीच्या बाईंनी फक्त कविता पाठ करून घेतल्या. शेठ बाहेर आला. साड्या बघायला आलेल्या दोन बायका मागे सरकल्या. एकीने पर्स छातीशी धरली.

"किसने हरकत की? किसके साथ?"

"मेरी आते के साथ," मी म्हटलं, कारण खरंच ते आतेबद्दल होतं.

"आते? कौन आते? यहाँ तो आते-जाते रहते हैं!"

मी लॅपटॉप उघडून ठिपका दाखवला. शेठने बघितलं, डोक्यावर हात मारला, आणि मराठीत म्हणाला, "अरे देवा, ते ऑफिस! आधी सांगायचं ना. ते नाही इथे. ते परळला. लालबागच्या अगदी जवळ. तू कुठून आलास?"

"लालबागहून," मी म्हटलं.

त्याने सेल्समनकडे बघितलं. सेल्समनने माझ्याकडे बघितलं. मग शेठने मला पाणी दिलं, थंड, आणि अंगावर हात फिरवला, आजारी माणसावर फिरवतात तसा.

संध्याकाळी घरी आलो. आतेने एवढंच विचारलं, "गावली विहीर?"

परळ, बुधवार

तर ऑफिस परळलाच. मंडईपासून चालत. चपला घालताना आते गुणगुणत होती.

"तू नको येऊस," मी म्हटलं. "मी आधी बघून येतो."

आत टेबलं, टेबलांवर फायली, आणि एका टेबलावर एक मॅडम, डब्यातली पोळीभाजी बाजूला करून बसलेल्या. मी म्हटलं, "मॅडम, त्या लालबागच्या छोट्या मंडईचं..."

"हो, हो! ती मंडई!" त्यांचा चेहरा उजळला. "काय समजूतदार लोक आहेत हो तिथले! एकाचीही हरकत नाही. मला एवढं बरं वाटलं. नाहीतर लोक भांडतात."

मला काही कळेना. "मॅडम, त्यांची सगळ्यांची हरकत आहे. तिसऱ्या मजल्यावर जायला कोणीच तयार नाही."

"असं कसं? मी स्वतः फोन घेतला ना. एका बाईंनी केला होता, मग एकेक करून सगळे बोलले. प्रत्येकाने मला स्पष्ट सांगितलं, हरकत नाही."

"तुम्ही काय विचारलं होतं?"

"मी म्हटलं, तुमचं म्हणणं गुरुवारच्या सुनावणीत मांडा. गुरुवार चालेल का? तर म्हणाले, हरकत नाही. आमच्या स्क्रीनवर दोनच खुणा असतात. हरकत आहे, हरकत नाही. मी..."

मॅडमनी स्क्रीनकडे बघितलं. मीही बघितलं.

"मॅडम," मी म्हटलं, "एक मिनिट." आणि मी आतेचा आवाज काढला. फोन कानाला लावल्यासारखा, तोंडात पान असल्यासारखा. "होय गे बाय, गुरुवार ना? हरकत नाय, हरकत नाय! सगळ्यांका घेवन येतंय! ह्यो गौतम बोलता हां." मग गौतमकाकांचा. "मॅडम, जय भीम. गुरुवार चालेल. माझी पण काही हरकत नाही." मग मी न ऐकलेल्या अंडीवाल्याचा, अंदाजाने.

मॅडमनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. "हाच! हाच आवाज! अगदी असंच म्हणाल्या त्या! अहो, मग ते गुरुवारबद्दल..."

"गुरुवारबद्दल म्हणत होते."

आजूबाजूच्या टेबलांवर हसू फुटलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी डबा बंद केला. "अरे देवा. मी सगळ्या मंडईची संमती लावून टाकली." मग पटकन म्हणाल्या, "ऐका. मला ते आता पुसता येत नाही, तशी सोय नाही. पण आज ऑफिस बंद व्हायच्या आत एका जरी ओटेधारकाने स्वतः येऊन हरकत दिली, तर उद्याची सुनावणी होते. नाही आली, तर प्रस्ताव तसाच वर जातो. तुमची घेतली असती, पण तुमचा ओटा नाही. पळा!"

मी पळालो.

मंडईत पोचलो तेव्हा गर्दी होती. कोणी मासे कापतंय, कोणी भाव करतंय, कोणाला ऐकू जाणार? काकांच्या ओट्यावर नारळांच्या राशीशेजारी मी उभा राहिलो आणि दोन्ही हात तोंडाशी धरून माझा रिक्षाचा आवाज लावला.

"सर्व ओटेवाल्यांना कळविण्यात येतं की! वेबसाइटवर लिहिलंय, तुम्ही सगळे तिसऱ्या माळ्यावर जायला तयार आहात! कारण तुम्ही फोनवर म्हणालात, हरकत नाही! तुम्ही म्हणालात गुरुवारसाठी, त्यांनी लावलं मजल्यासाठी! ज्याला खालीच बसायचं असेल त्याने आत्ता, ह्या क्षणी, परळच्या हापिसात यायचं आहे! मागाहून बोंबलू नका!"

सुरी थांबली. मग भाजीवाली म्हणाली, "मालिनीताय, तुम्हीच बोलला होता ना पहिल्यांदा हरकत नाय?"

आते लालबुंद झाली. "तां गुरुवारासाठी म्हटलंय गे!"

"चला," काका म्हणाले आणि नारळावरचा हात काढून माझ्या खांद्यावर ठेवला. "सुनावणी राहिली दूर, आधी आपण सुनावून येऊ."

आम्ही सगळे निघालो. जवळ्याच्या वासासकट. ऑफिसच्या पायऱ्यांवर मामा सगळ्यांना बजावत होते, "आत कोणी 'हरकत नाही' हे दोन शब्द तोंडातून काढायचे नाहीत. काही झालं तरी!"

मॅडमनी सगळ्यांकडे बघितलं, त्यांना बरं वाटलं असावं, म्हणून म्हणाल्या, "काका, तुम्ही उभे का? इथे बसा, चालेल ना?"

"हरकत आहे!" काका म्हणाले.

"अहो, खुर्चीत..."

"खुर्चीला नाही. तिसऱ्या मजल्याला. खुर्ची द्या."

"पाणी आणू? चालेल?"

"हरकत आहे!" सगळे एका सुरात ओरडले. मॅडमनी आधी हरकती लिहून घेतल्या, मग पाणी आणलं.

परळ, गुरुवार

सुनावणी झाली. आमच्याकडे ग्रामसभेत सगळे एकदम बोलतात आणि कोणी ऐकत नाही. इथे एकेक बोलतो आणि कोणी ऐकत नाही, असं मला वाटलं होतं. पण साहेबांनी ऐकलं. आते बोलली, सुकट घ्यायला म्हाताऱ्या बायका येतात, त्यांचे गुडघे आहेत, त्यांना तिसरा माळा नाही. काका बोलले, मी जिना मोजून चढेन, गिऱ्हाईक नारळासाठी मोजणार नाही.

मग काका म्हणाले, "साहेब, हरकत झाली. आता सूचना. तुम्ही नोटीस कॉम्प्युटरवर टाइप करता ना?"

"हो."

"मग प्रिंट काढता. सही करता. मग त्याचा फोटो काढता, आडवा. आणि तो फोटो टाकता. बरोबर?"

साहेबांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, "सही पाहिजे ना, साहेब, वेबसाइटवर."

"सही आहे म्हणून माझा फोन मुका होतो," काका म्हणाले. "जे टाइप केलं तेच टाका. सरळ. माझा फोन वाचेल. आणि जो वाचू शकत नाही त्याच्यासाठी असा एक भोंगा ठेवा." त्यांनी माझ्या दिशेने बोट केलं. थोडं चुकलं, ते बोट कपाटाकडे गेलं. मी कपाटापुढे जाऊन उभा राहिलो.

साहेब हसले. निर्णय मात्र सांगितला नाही. म्हणाले, "वेबसाइटवर येईल."

आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. त्या वाक्याची आता सगळ्यांना भीती बसली होती.

कणकवली

रात्रीच्या बसने परत आलो. रोज दुकान उघडलं की आधी ती वेबसाइट उघडायचो. फोटो सरकायचे. कोंबडा धावायचा. इतरच्या आत इतर. निरंकच्या जागी आता 'विचाराधीन' आलं होतं. आतेचा रोज फोन. "काय आसा? विचारतत की काय ते?"

मग एका दुपारी काकांचा फोन आला.

"नित्या! आली रे नोटीस! आणि माझ्या फोनने वाचली! 'इमेज' नाही म्हणाला! अक्षर ना अक्षर वाचलं! ऐक, लावतो."

त्यांनी दुसरा फोन जवळ धरला. तो यंत्राचा आवाज, माझ्या ओळखीचा. "प्राप्त हरकतींच्या अनुषंगाने. प्रस्तावातील. ओटेधारकांची तृतीय मजल्यावरील पुनर्स्थापना. ही तरतूद. वगळण्यात येत आहे."

मागे मंडई ऐकू येत होती, पण दबक्या आवाजात. सगळे फोनभोवती जमलेले असणार.

"ऐकू तर सगळं आलं," काका म्हणाले. "पण वगळलं म्हणजे कोणाला रे? आपल्यालाच वगळलं की काय? तुझी आते रडायला लागलीय."

मी स्वतः वेबसाइट उघडून दोनदा वाचलं. मला पण क्षणभर काही कळेना. मग खालच्या ओळीत 'तळमजला' दिसला आणि कळलं. मी म्हटलं, "काका, स्पीकर लावा. मोठा करा."

दुकानात फॉर्म भरायला आलेली चार माणसं बसली होती. मी त्यांच्यासमोरच उभा राहिलो, हात तोंडाशी धरले, आणि लालबागच्या मंडईसाठी कणकवलीतून भोंगा लावला.

"सर्व ओटेवाल्यांना कळविण्यात येतं की! तिसरा माळा कॅन्सल! सुकी मासळी खाली! नारळ खाली! जो जिथे बसतोय, तो नव्या बिल्डिंगमध्येही खालीच बसणार!"

तिकडून जो आवाज आला तो मला काढता येत नाही. मी नंतर किती वेळा प्रयत्न केला. एवढी माणसं एकदम माझ्या गळ्यात मावत नाहीत.

त्या गोंधळातून आतेचा आवाज आला, नाक ओढत. "नित्या, मेल्या, बांगडो पाठवू काय एस्टीन?"

मामांनी बंदी घातलेले ते दोन शब्द तोंडापर्यंत आले होते. गिळले.

"पाठव," मी म्हटलं.